लेबलाजवळचं गाणं

नसरीनचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. मस्कतच्या ज्या लग्नाच्या हॉलमध्ये मी साउंडचं काम बघतो, तिथला भिंतीवरचा एक स्पीकर खाली झुकला होता, तो सरळ करत होतो. खिशातला फोन थरथरला, काढून बघितला तर तिचं नाव. गफूरचाचांची ही लेक नांदेडला शाळेत शिकवते, कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. मी वरूनच म्हणालो, "बोल गं." ती म्हणाली, "बालाजीभाऊ, आधी खाली उतरून कुठंतरी बसा." मी उंचावर आहे हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक... रिकाम्या हॉलमध्ये छताजवळ आवाज वेगळा घुमतो, तो तिनं ओळखला असेल. त्या बापाची लेक ती. मी उतरलो, सतरंजीवर बसलो, आणि तिनं सांगितलं की अब्बा गेले. सकाळचा नमाज झाला, चहा मागितला, चाची चहा घेऊन आल्या तोवर सगळं संपलं होतं.

मला जाता आलं नाही. त्या दिवसांत लग्नं होती, रजा मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी दफनाला पोहोचलो नसतो. आता काही आठवडे उलटून गेलेत. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, पेपरच्या पुरवणीत छापायला लिहिणं हे माझं काम नव्हे. नसरीनला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "तुम्ही बोलता तसं लिहा, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." म्हणून हे धाडस. चाचांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि माझ्याइतकं त्यांचं देणं दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही.

आमचं गाव मुरुड, लातूरजवळचं. घरी शेती, पण माझं लक्ष पहिल्यापासून भोंग्यात. लग्न झालं, एक पोर झालं, तोवर मी लग्न-सप्त्यांना लाउडस्पीकर लावायचा धंदा करत होतो आणि तो धड चालत नव्हता, कारण माझे अ‍ॅम्प्लिफायर सारखे जळायचे. कुणीतरी सांगितलं, नांदेडला इतवारा भागात गफूरभाई म्हणून आहेत, त्यांना दाखव. मी मशीन पोत्यात घालून एसटीनं नेलं. त्यांनी ते उघडलं, वास घेतला, आणि मी ते कसं वाजवतो ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशी मला सारखी धास्ती वाटते, म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवतो. ते हसले नाहीत. पोत्याकडं बघत म्हणाले, "मशीनला काही झालं नाही पाटील. ती तुमच्या काळजीनं जळून राहिली." आमच्या घरात पाटीलकी कधी नव्हती. पण त्या दिवसापासून मी त्यांचा पाटील झालो तो शेवटपर्यंत. मशीन दुरुस्त होईस्तोवर बसलो, दुसऱ्या दिवशी परत गेलो, आणि महिन्याभरात बायको-पोरासह नांदेडला खोली करून त्यांच्याकडं कामाला लागलो.

त्यांचं दुकान म्हणजे पुढं कॅसेट-सीडीचं कपाट आणि मागं रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेली. भजनी मंडळं यायची, कव्वाल यायचे, हिमायतनगरकडची जयंतीची गाणी करणारी पोरं यायची. गाणं रेकॉर्ड करणं हे एक काम. ते झाल्यावर, सीडीवर जायच्या आधी, सगळ्या गाण्यांवर मिळून शेवटचा हात फिरवायचा, कुठं काय चढवायचं, काय उतरवायचं, ते दुसरं काम. त्याला मास्टरिंग म्हणतात. चाचांची खरी कारागिरी त्यात होती, कारण तरुणपणी ते दूरच्या शहरात एका रेकॉर्ड कंपनीत होते, तेही रेकॉर्ड कापतात त्या खोलीत. मऊ लेपाची काळी चकती फिरतेय, तिच्यावर हिऱ्याच्या टोकासारखं हत्यार टेकलंय, आणि गाणं जसं चालेल तसं ते चर खोदत जातंय... त्या हत्यारावर यांची नजर. त्या एका चकतीवरून पुढं साचे व्हायचे आणि साच्यांवरून बाजारातल्या रेकॉर्डी. रेकॉर्डींचा जमाना गेला तेव्हा ते नांदेडला परत आले.

मला त्यांनी रेकॉर्ड आणि सीडीमधला फरक शिकवला तो जेवताना, भाकरीवर. भाकरी ताटात फिरवायचे आणि बोटानं कडेपासून मध्यापर्यंत रेघ काढायचे. म्हणायचे, रेकॉर्डवर गाणं म्हणजे ही बैलगाडीची चाकोरी. ढोल, ढोलकीचा खर्ज आला की चाकोरी रुंद होते, जागा खाते, म्हणून खर्ज आवरून घालायचा. तो एकाच बाजूच्या स्पीकरला दिला तर सुई उडते, म्हणून मधोमध ठेवायचा. स आणि श जास्त धारदार झाले तर सुईला ते झेपत नाहीत, चरचर येते, म्हणून तेही घासून घ्यायचे. आणि सगळ्यात वाईट जागा कुठली, तर मधल्या कागदी लेबलाजवळची. कडेला एक फेरा लांब असतो, लेबलाजवळ आखूड, पण वेळ तेवढाच. म्हणजे तेवढंच गाणं कमी जागेत कोंबायचं. तिथं वरचे बारीक सूर बोथट होतात. म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं कापताना ते आधीच वरचे सूर चढवून ठेवायचे. चाकोरी खाणार तेवढं आधीच जास्त वाढायचं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ताटात बरोबर पडतं.

सीडीला यातलं काही नाही. पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं, दोघांना जागा सारखी. खर्ज कुठंही ठेवा, स कितीही धारदार ठेवा, सुईच नाही तर उडेल काय. फक्त वर एक छत आहे, त्याच्या पलीकडं आवाज गेला की फाटतो. पण आमची गिऱ्हाइकं नेमकी त्या छताला डोकं लावून बसायची. मिरवणुकीत पुढच्या गाडीपेक्षा आपली सीडी मोठी वाजली पाहिजे, बस्स. मग सगळं दाबून, हळू असलेलंही मोठं करून, एका पातळीवर आणायचं, म्हणजे गाण्यात श्वास घ्यायला जागा उरत नाही. चाचा गिऱ्हाइकाशी भांडायचे नाहीत, चहा पाजून पाजून त्याला खाली आणायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "करून द्या ना चाचा, त्यांचंच गाणं हाय." तर म्हणाले, "रेकॉर्डमध्ये सुई 'नाही' म्हणायची पाटील. सीडीत 'नाही' म्हणणारं कोणीच नाही. म्हणून ते आपल्याला म्हणावं लागतं."

आता मुख्य गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

लातूरला सुलोचनाबाई म्हणून एक गाणाऱ्या होत्या. तरुणपणी त्यांची एकच रेकॉर्ड निघाली होती, छोटी, एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. ती चाचांनीच कापली होती. त्या परक्या शहरात आपल्या मुलखातली बोली ऐकून त्यांनी ती दुसऱ्या कुणाला कापू दिली नाही, असं ते सांगायचे. पुढं बाई संसारात पडल्या, गाणं मागं राहिलं. आणि म्हातारपणी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. नुसता गाण्याचाच नव्हे, बोलण्याचासुद्धा. त्यांची सून एक दिवस दुकानात आली. म्हणाली, घरातली रेकॉर्ड झिजून नुसती खरखरते, माझ्या मुलीनं आजीचा आवाजच कधी ऐकला नाही, तुमच्याकडं काही असलं तर सीडी करून द्या. चाचा उठले, आतल्या लोखंडी कपाटातून टेपचा डबा काढून आणला. कंपनीनं जुन्या टेपा मोडीत काढल्या तेव्हा साहेबाला विचारून त्यांनी तेवढी एक मागून घेतली होती. सून रडायला लागली. चाचा म्हणाले, "घाई करू नको बेटी. हे नीट करून देतो."

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी ते काम कुणाला हात लावू दिलं नाही. टेप स्वच्छ केली, वाजवली, संगणकात घेतली. मग एका सकाळी मला हाक मारली, "पाटील, या. ऐका." स्वतः खुर्चीत, डोळे मिटलेले. मी बाजूला स्टुलावर.

पहिलं गाणं लागलं आणि अंगावर काटा आला. विशीतल्या पोरीचा आवाज, लातूरकडचा हेल तसाच. दुसरं गाणं लागलं तेव्हा काहीतरी खुपलं. तिसरं परत सुंदर. आणि चौथं... ते सासरचं गाणं होतं. दर ओळीला सासर, सासू, सांज, आणि दर 'स' कानात बाभळीच्या काट्यासारखा घुसत होता. बाई चिरकतात की काय असं वाटावं असा. त्यांच्या नातीनं हे ऐकलं तर तिला वाटेल, आपली आजी अशीच किरटी गायची. गाणं संपलं. चाचांच्या पापण्या ओल्या होत्या. म्हणाले, "कसं?"

मी म्हणालो, पाणी पिऊन येतो, आणि आतल्या बाजूच्या त्यांच्या घरात गेलो. ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं त्याला मी सांगायचं की तुम्हाला ऐकू येत नाही? आणि माझाच कान खोटा असला तर? भोंगे वाजवून वाजवून मीच बधिर झालो असलो तर? चाची मेथी निवडत होत्या. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या की चाचांच्या मनगटी घड्याळाला पहाटेच्या नमाजाचा गजर आहे, पीप पीप वाजतो. दोन वर्षं झाली, तो त्यांना ऐकू येत नाही. चाची उठून त्यांच्या खांद्याला हात लावतात आणि लगेच पाठ फिरवून झोपल्याचं सोंग करतात, म्हणजे त्यांना वाटतं घड्याळानंच उठवलं. "मी सांगितलं नाही," चाची म्हणाल्या, "माझं काम उठवण्याचं, ते मी करून राहिले. पण तुम्हाला तर त्यांनी विचारलंय ना भाऊ. मग सांगा."

मी परत गेलो. चाचा तसेच बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "चाचा, स टोचायलाय."

"मला नाही टोचत."

"हाव. पण टोचायलाय."

मला वाटलं, आता म्हणतील, गाठोडं बांधा. त्यांनी विचारलं, "सगळीकडं?"

"न्हाई. पहिल्यात न्हाई, तिसऱ्यात न्हाई. दुसऱ्यात थोडं हाय. चौथ्यात लई."

त्यांनी टेबलावर बोटानं एक गोल काढला आणि ते बोट कडेपासून आत आत आणत मध्यावर थांबवलं. मग कपाळाला हात लावला. दुसरं आणि चौथं. दोन्ही लेबलाजवळची. ती टेप नुसत्या गाण्याची नव्हतीच. रेकॉर्ड कापण्यासाठी तयार केलेली ती टेप होती, तिच्यावर खर्ज आधीच आवरलेला आणि लेबलाजवळच्या गाण्यांचे वरचे सूर आधीच चढवलेले. आणि ते चढवले होते त्यांनीच. चाकोरी खाणार म्हणून जास्त वाढलेलं, आणि इथं खाणारी चाकोरीच नव्हती. एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती, पण टेपेतून ते बरोबर ऐकू आलं म्हणून त्यांना शंका आली नाही. का बरोबर ऐकू आलं, ते त्यांनीच सांगितलं, खिडकीकडं तोंड करून.

"माझा कान लेबलाजवळ आला पाटील. वरचं खाऊन राहिला. म्हणून मला गोड लागलं."

मग ते उठले, खुर्ची रिकामी केली आणि म्हणाले, "बसा." मी म्हणालो, "मला जमायचं न्हाई." ते म्हणाले, "जमायचं मी बघतो. तुम्ही फक्त ऐका." किती चढवलं असेल याचा अंदाज त्यांच्या हाताला आठवत होता. ते बटण थोडं थोडं उतरवायचे आणि विचारायचे, "आता?" मी म्हणायचो, "अजून टोचायलाय." परत उतरवायचे. एका ठिकाणी मी म्हणालो, "आता बाई जवळ आल्या," तर त्यांनी हात काढून घेतला. ढोलकीचा खर्जही थोडा परत दिला. तो त्यांना ऐकू येत होता, तिथं त्यांनी मला बोलू दिलं नाही. आवाज मोठा करायचा का विचारलं तर म्हणाले, "घरात ऐकायची आहे. मिरवणुकीत नाही."

सीडी द्यायला आम्ही दोघं लातूरला गेलो. सुलोचनाबाई पलंगावर बसल्या होत्या, गळ्याला पांढरं फडकं. सुनेनं सीडी लावली. नात आठ-नऊ वर्षांची असेल, ती आधी दप्तराशी खेळत होती, मग थांबली. आजीकडं बघितलं, सीडी प्लेअरकडं बघितलं, आणि म्हणाली, "आजी, तू शेजारच्या ताईएवढी होतीस?" बाईंनी मान हलवली. चौथं गाणं लागलं तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले, आवाजाशिवाय, प्रत्येक सासर बरोबर जागेवर. नात त्या ओठांकडं बघत होती. मग तिनं आजीचा हात धरला आणि तिच्या ओठांबरोबर स्वतः गायला लागली, चुकत माकत. सून स्वयंपाकघरात निघून गेली.

निघताना चाचा बाईंना म्हणाले, "हे मी नाही केलं बाई. ह्या पाटलाच्या कानानं केलंय." बाईंनी मला जवळ बोलावलं. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी माझा कान धरला आणि मास्तर पिरगळतात तसा पिरगळला, पण हलकेच. त्या आवाज न करता हसत होत्या. एसटीत चाचा म्हणाले, "दुखला का?" मी म्हणालो, "न्हाई." ते म्हणाले, "मग ठीक आहे, कान शाबूत आहे."

त्यानंतर दुकानातल्या प्रत्येक कामावर शेवटचा शब्द माझा राहिला. गिऱ्हाइकांसमोर ते मला विचारायचे, "पाटील, काय म्हणतो तुमचा कान?" मला लाजल्यासारखं व्हायचं. नसरीननं हट्ट करून त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं, ते त्यांनी काही दिवस वापरून डब्यात ठेवलं. म्हणाले, "ह्यानं सगळं जग जयंतीच्या सीडीसारखं करून टाकलं. भांडी पण मोठी, माणसं पण मोठी." पुढं सीडी कुणी घेईनाशी झाली. माझी पोरं मोठी होत होती. मस्कतच्या हॉलचं काम त्यांच्याच एका ओळखीनं आलं. मी जायला तयार नव्हतो, मला विमानाचीसुद्धा भीती. त्यांनीच मला धाडलं. म्हणाले, इथं काय राहिलंय, पोरांचं बघा.

इथून मी दर शुक्रवारी फोन करायचो. दरवेळी विचारायचो, "चाचा, काम कसंय?" दरवेळी उत्तर एकच, "भरपूर. बसायला फुरसत नाही." पाठीमागं कुणीतरी पेटी लावत असायचं, ढोलकी घुमत असायची. मला बरं वाटायचं. मी नसल्यानं काही अडलं नाही, या विचारानं इथं निवांत झोप लागायची.

परवा नसरीनशी बोलताना कळलं ते वेगळंच. मी गेल्यापासून चाचांनी एकाही गाण्यावर शेवटचा हात फिरवला नव्हता. लोक यायचे, ते रेकॉर्डिंग करून द्यायचे, चहा पाजायचे, आणि मास्टरिंगचं विचारलं की सांगायचे, "आमचा कान मस्कतला गेलाय. आला की करू." लोक हसायचे. काहीजण गाणी घेऊन दुसरीकडं जायचे, काहीजण थांबायचे. मी नसरीनला म्हणालो, "अन् मला सांगितलं का न्हाईस?" ती म्हणाली, "अब्बांनी मना केलं होतं. म्हणाले, त्याला कळलं तर तो तिथलं सोडून येईल."

मग तिनं फोन फिरवून मला खोली दाखवली. गोधड्या तशाच. दोन्ही स्पीकर आणि मधोमध खुर्ची, तिच्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं. ती म्हणाली, अब्बा कुणाला त्यावर बसू द्यायचे नाहीत, स्वतः स्टुलावर बसायचे. देगलूरच्या एका भजनी मंडळाची गाणी संगणकात तशीच पडलीत, शेवटचं रेकॉर्डिंग तेच. मंडळवाले म्हणतात, गफूरभाईंनी थांबा म्हटलं होतं, आम्ही थांबतो. तिनं फोन स्पीकरजवळ धरून त्यातलं एक भजन लावलं आणि विचारलं, "कसं वाटतं, भाऊ? एवढं तरी करून द्याल का?"

मी ऐकलं. फोनमध्ये खालचं सगळं जातं, वरचंही जातं, मधली एक पट्टी तेवढी उरते. त्यावरून कुणाच्या आवाजाबद्दल खरं बोलता येत नाही. मी तिला तसं सांगितलं. म्हणालो, रजेचा अर्ज टाकलाय, येतो. मंडळवाल्यांना सांग, अजून थोडं थांबा. आणि तोवर त्या खुर्चीवरचं फडकं काढू नको.